टीवाय मानसशास्त्र: स्ट्रूपचा टी बसत नाही, प्रकल्पाचा आर ०.२४, आणि पेपर सहा

मृण्मयी_टीवाय

नमस्कार मंडळी,

टी.वाय.बी.ए. मानसशास्त्र, मराठी माध्यम. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

एक, स्ट्रूपचा प्रयोग. २० प्रयुक्त (प्रयोगात भाग घेणारे), प्रत्येकाला दोन्ही कार्डं दिली. आधी नुसत्या रंगीत चौकोनांचं, मग रंगांच्या शब्दांचं (शाई वेगळी, शब्द वेगळा; शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा). प्रत्येक कार्डावर ४० घटक. शब्द इंग्रजी होते, कारण नेटवरून तयार कार्ड मिळालं. उत्तर मराठीत द्यायला सांगितलं. चौकोनांचा सरासरी वेळ २८.४ सेकंद (प्रमाण विचलन ६.०), शब्दांचा ३२.१ (६.४). एक्सेलमध्ये टी (दोन सरासऱ्यांची तुलना करणारा आकडा) आला १.८९, पी (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर, म्हणजे सिग्निफिकंट नाही. स्ट्रूप हा म्हणे न चुकणारा प्रयोग, मग माझाच का चुकला?

दोन, प्रकल्प. मोबाईल रोज किती तास वापरता आणि जाणवणारा ताण. ६० विद्यार्थी, गूगल फॉर्म. ताणासाठी दहा प्रश्नांची पीएसएस (जाणवणाऱ्या ताणाची) मापनी, मराठी भाषांतर. आर (दोन गोष्टींमधला सहसंबंध) = ०.२४, पी ०.०६५. क्रोनबॅक अल्फा (मापनीचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) ०.४१. गटातली मैत्रीण म्हणते आणखी २५ जण घेऊ, मग सिग्निफिकंट येईल. घ्यावेत का?

तीन, अपसामान्य, मानसमापन, औद्योगिक, बोधनिक, समुपदेशन वगैरे सगळे सहा पेपर सुटे सुटे पाठ केलेत. एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत मात्र प्रश्न मिसळलेले येतात. एकत्र अभ्यास कसा करायचा?

---

तिरकी रेघ

स्ट्रूपपुरतं बोलतो. तुझा प्रयोग चुकलेला नाही, टी चुकीचा लावला आहेस.

दोन्ही कार्डं त्याच २० जणांनी वाचलीत, म्हणजे निरीक्षणं जोडीची आहेत. तू लावलीस ती दोन वेगळ्या गटांची चाचणी. पडताळून बघ: दोन्ही विचलनांचे वर्ग ३६ आणि ४०.९६, बेरीज ७६.९६, भागिले २०, त्याचं वर्गमूळ १.९६. फरक ३.७ भागिले १.९६ म्हणजे १.८९. हाच तुझा आकडा.

आता जोडीचा टी. त्यासाठी प्रत्येक प्रयुक्ताचा फरक काढायचा (शब्दांचा वेळ उणे चौकोनांचा वेळ) आणि त्या २० फरकांचं प्रमाण विचलन घ्यायचं. तुझा कच्चा तक्ता माझ्यासमोर नाही, पण अशा कामात दोन कार्डांच्या वेळांत सहसंबंध चांगलाच असतो, कारण जो मुळात सावकाश बोलतो तो दोन्हीकडे सावकाश बोलतो. समज तो ०.८ आहे. मग फरकांचं विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ७६.९६ वजा (२ × ०.८ × ६.० × ६.४), म्हणजे १५.५. प्रमाण विचलन ३.९४. त्याला २० च्या वर्गमुळाने भागलं की ०.८८. टी = ३.७ ÷ ०.८८ = ४.२०, स्वातंत्र्यमात्रा १९, कोष्टकातला आकडा २.०९, आपला टी त्याहून मोठा. सरळ सिग्निफिकंट.

फरक त्याच ३.७ सेकंदांचा आहे. माणसामाणसांतला वेगाचा फरक आधी भाजकात बसला होता, तो आता निघून गेला, एवढंच झालं. एक्सेलच्या टी-टेस्ट सूत्रात शेवटचा आकडा विचारतात त्यात १ म्हणजे जोडीचा, २ म्हणजे समान विचरणाचे दोन गट, ३ म्हणजे असमान विचरणाचे. बहुतेक जण २ टाकून मोकळे होतात. जामोवी किंवा जास्प ही फुकट सॉफ्टवेअर घेतलीस तर चाचणीचं नाव वाचूनच निवडावी लागते, तिथे ही गफलत कमी होते.

आता दुसरी बाजू. सिग्निफिकंट आला तरी परिणाम छोटा आहे आणि एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) तिथे बोट ठेवणार. जे. आर. स्ट्रूपच्या १९३५ च्या निबंधात १०० चौकोनांचे रंग सांगायला ६३.३ सेकंद लागले आणि विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३. वाढ ७४ टक्के. तुझी १३ टक्के. म्हणजे घटकामागे त्याच्याकडे जवळपास अर्धा सेकंद जादा, तुझ्याकडे सेकंदाचा दहावा हिस्साही नाही. कारणं तुझ्याच मजकुरात आहेत.

सगळ्यात मोठं, भाषा. छापलेला शब्द एका भाषेतला आणि तोंडून निघणारं उत्तर दुसऱ्या भाषेतलं असलं की अडथळा घटतो; दोन्ही एकाच भाषेतली असली की सर्वांत जास्त. ‘ग्रीन’ हा शब्द ‘लाल’ म्हणायच्या आड तितका येत नाही, जितका ‘हिरवा’ येतो. त्यात मराठी माध्यमातल्या प्रयुक्तांचं इंग्रजी वाचन मराठीइतकं आपसूक नसेल तर आणखी घट. कार्ड मराठीत छाप.

दुसरं, क्रम. सगळ्यांना आधी चौकोन, मग शब्द. पहिल्या कार्डावर हात बसला, त्याचा फायदा दुसऱ्याला मिळाला आणि अडथळ्याचा काही भाग त्यात जिरला. दहा जणांना उलटा क्रम द्यायचा. वेळ असेल तर प्रत्येकालाच चौकोन-शब्द-शब्द-चौकोन अशी चार कार्डं दे आणि दोन-दोनची सरासरी घे.

तिसरं, चुका. तू त्यांचा उल्लेखच केलेला नाहीस. चूक झाली तर जागच्या जागी दुरुस्त करून पुढे जायचं, ही सूचना नसेल तर काही जण चुका पोटात घालून सुसाट सुटतात आणि वेळ खोटा कमी दिसतो. दुरुस्ती करायला लाव, आणि चुका वेगळ्या मोज.

कार्ड करताना: चार रंग, प्रत्येकी दहा वेळा. तोच रंग लागोपाठ दोनदा नको. आधीच्या घटकातला शब्द पुढच्या घटकाची शाई होऊ देऊ नकोस, कारण नुकतंच दाबून टाकलेलं उत्तर लगेच द्यायला जास्त वेळ लागतो आणि तो वेगळाच परिणाम तुझ्या आकड्यात शिरतो. पिवळा पांढऱ्या कागदावर फिका पडतो, त्याऐवजी जांभळा. ‘लाल’ हे उत्तर बाकीच्यांपेक्षा आखूड आहे, पण दोन्ही कार्डांवर ते तितक्याच वेळा आलं तर ती अडचण आपोआप कटते. सुरुवातीला दहा घटकांचा सराव, आणि रंगांधत्वाची चौकशी सरावाच्या आधी.

---

कावेरी

प्रकल्पाचं बोलू.

अल्फा ०.४१ दिसल्याबरोबर आर वाचणं थांबवायला हवं होतं. पीएसएसच्या दहा प्रश्नांत चार उलटे आहेत: ४, ५, ७ आणि ८. ‘गोष्टी आपल्या मनासारख्या होत आहेत असं किती वेळा वाटलं’ या धर्तीचे. त्यांचे गुण उलटवले नाहीत की ताण जास्त असलेल्या माणसाला सहा प्रश्नांत जास्त आणि चारांत कमी गुण मिळतात, बेरीज एकमेकांना खाते आणि अल्फा कोसळतो. मापनी ० ते ४ असेल तर नवा गुण = ४ वजा जुना. गूगल फॉर्ममध्ये १ ते ५ ठेवलं असशील तर ६ वजा जुना. तिथे ४ मधून वजा केलंस तर काही जणांना उणे एक गुण मिळेल, आणि एक्सेल त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

खात्री कशी करायची? प्रत्येक प्रश्नाचा उरलेल्या नऊंच्या बेरजेशी सहसंबंध काढ. हे चार उणे आले तर निदान पक्कं. उलटवूनही एखादाच प्रश्न उणे राहिला तर भाषांतर तपास. मराठीत दुहेरी नकार आला की वाचणारा घाईत उलटं उत्तर देतो. पाच-सहा जणांना प्रश्न मोठ्याने वाचायला लावून ‘तुला यातून काय विचारलंय असं वाटलं’ एवढं विचारलं तरी असला प्रश्न लगेच सापडतो.

हे दुरुस्त केल्यावर आर बदलेल. वाढेल की घटेल ते आत्ता सांगता येणार नाही. जो येईल तो लिहायचा. गुणांकनाची किल्ली मापनीबरोबरच ठरलेली असते, म्हणून ही दुरुस्ती म्हणजे आकड्यांशी खेळ नव्हे. मात्र आर बघून झाल्यावर ‘हा प्रश्न काढला तर बरं दिसतं’ असं सुरू केलंस तर तो खेळच.

आणि मैत्रिणीचं म्हणणं ऐकू नकोस. पी ०.०६५ दिसला म्हणून २५ घ्यायचे, मग पुन्हा बघायचं, नाही जमलं तर आणखी दहा... असं केलं की प्रत्येक डोकावण्याबरोबर खोटा सिग्निफिकंट मिळण्याची संधी वाढत जाते आणि ५ टक्क्यांची हमी नावापुरती उरते. नमुना किती ते आधी ठरतं. साधारण हिशेब लक्षात ठेव: ०.३ चा सहसंबंध ८० टक्के खात्रीने पकडायला सुमारे ८५ माणसं, ०.२ चा पकडायला सुमारे १९४. तुझे ६० आहेत. तेव्हा अहवालात ‘संबंध नाही’ असं लिहू नकोस, विश्वास-मर्यादा लिही. आर ०.२४ आणि ६० जण असतील तर ९५ टक्के मर्यादा −०.०१ ते ०.४७. म्हणजे जवळजवळ शून्यापासून बऱ्यापैकी जोरकस संबंधापर्यंत काहीही असू शकतं, एवढंच या माहितीवरून म्हणता येतं. ‘सिग्निफिकन्सच्या उंबरठ्यावर’ हा शब्दप्रयोग तर कृपा करून नको.

मोबाईलचे तास माणसांनी अंदाजाने लिहिलेत का? स्वतः सांगितलेला वापर आणि फोनने नोंदवलेला वापर यांचं जुळणं माफकच असतं. २०२१ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात तो सहसंबंध ०.३८ होता. पुढच्या वेळी सेटिंगमधला मागच्या सात दिवसांचा स्क्रीन टाइम बघून लिहायला सांग. आता निदान विखुरणीचा आलेख काढ. कुणीतरी २४ तास भरले असतील, आणि ६० च्या नमुन्यात तसा एक ठिपका आर कुठल्या कुठे नेतो. तो काढायचा तर निकष सांगून काढ, आणि काढल्याशिवायचा आरही शेजारी दे. आलेखाचं शेपूट लांब असेल तर स्पिअरमन (आकड्यांऐवजी क्रमांकांवर काढलेला सहसंबंध).

---

श्रावणसर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वरच्या दोन प्रतिसादांतच दडलं आहे. मृण्मयी, तू पेपर वेगळे समजतेस, पण मानसमापनाच्या पेपरातली चार सूत्रं बाकी सगळ्या पेपरांत फिरत असतात. तिथून सुरुवात कर.

तिरकी रेघ यांनी घेतलेला ०.८ बघ. तो मोठा असल्यामुळे जोडीचा टी वाढला. तोच ०.८ मानसमापनात नेला की उलटा उठतो. फरकाच्या गुणांची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर तेच येईल याची खात्री), दोन्ही कार्डांच्या वेळांचा पसारा साधारण सारखा धरला तर, अशी निघते: दोन विश्वसनीयतांच्या सरासरीतून त्यांच्यातला सहसंबंध वजा करायचा आणि १ वजा सहसंबंधाने भागायचं. दोन्ही कार्डं ०.९ इतकी विश्वसनीय असली तरी (०.९ − ०.८) ÷ (१ − ०.८) = ०.५. म्हणजे स्ट्रूपचा परिणाम जवळपास सगळ्यांत दिसतो, पण ‘अमक्याचा अडथळा तमक्यापेक्षा जास्त’ हे सांगायला हा फरक कच्चा पडतो. हेज, पॉवेल आणि समनर यांनी २०१८ मध्ये हेच विरोधाभास म्हणून मांडलं: प्रयोगशाळेत ज्या कामाचा परिणाम हमखास येतो, त्यात माणसामाणसांत फरक कमी असतो, म्हणूनच तो हमखास येतो, आणि फरक कमी, म्हणून व्यक्तिभेद मोजायला ते काम निकामी.

इथून अपसामान्यात जा. चिंताविकारात धोक्याच्या शब्दांची शाई सांगायला वेळ लागतो, हा भावनिक स्ट्रूप तिथे शिकवतात. गटागटांतला फरक ठीक आहे. पण त्या गुणावरून एका रुग्णाबद्दल काही बोलायला गेलात की हाच ०.५ आडवा येतो. अवधानाचा कल मोजणाऱ्या डॉट-प्रोब कामाची विश्वसनीयता तर अनेक अभ्यासांत शून्याच्या आसपास निघाली आहे. एक सूत्र, तीन पेपर.

दुसरं उदाहरण, पायादर, म्हणजे एखादा विकार मुळात किती टक्के लोकांत आहे ते. अपसामान्यात नैराश्याचे निकष पाठ असतात: नऊपैकी पाच लक्षणं, दोन आठवडे, आणि त्यात उदास मनःस्थिती किंवा गोडी नाहीशी होणं यांपैकी एक असलंच पाहिजे, शिवाय ठळक त्रास किंवा कामकाजात ठळक अडचण. मानसमापनात संवेदनशीलता (विकार असलेल्यांपैकी किती पकडले जातात) आणि विशिष्टता (विकार नसलेल्यांपैकी किती सुटतात) पाठ असते. दोन्ही एकत्र ठेव. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची मापनी, तिचा छेदगुण (जिथून पुढे नैराश्याची शंका धरायची तो गुण) १०. २००१ च्या मूळ अभ्यासात संवेदनशीलता ८८ टक्के, विशिष्टता ८८ टक्के. एक हजार विद्यार्थी घे, त्यांत नैराश्य १० टक्के धर. शंभरांपैकी ८८ पकडले जातात. उरलेल्या नऊशेंपैकी १२ टक्के, म्हणजे १०८, निरोगी असून पकडले जातात. १० किंवा जास्त गुण आलेले एकूण १९६, त्यांत खरे ८८, म्हणजे ४५ टक्के. पायादर ५ टक्के धरलास तर खरे ४४, खोटे ११४. २८ टक्क्यांवर घसरतं. चाचणी तीच आहे. म्हणून अहवालात ‘इतके सहभागी डिप्रेस्ड होते’ हे वाक्य कधीही लिहायचं नाही. ‘इतक्यांचे गुण छेदगुणाइतके किंवा जास्त होते’ इथे थांबायचं. निदान मुलाखतीतून होतं.

औद्योगिक मानसशास्त्रात हाच खेळ भरतीच्या वेशात येतो. निवड-पद्धतींच्या यथार्थतेचा (निवडीच्या गुणाचा पुढच्या कामगिरीशी किती सहसंबंध आहे त्याचा) तक्ता तुमच्या पुस्तकात बहुधा श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या निबंधातला असेल: सर्वसाधारण बौद्धिक क्षमता ०.५१, संरचित मुलाखत ०.५१, असंरचित ०.३८. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे आकडे पुन्हा काढले: बौद्धिक क्षमता ०.३१, संरचित मुलाखत ०.४२, असंरचित ०.१९. एवढी घसरण का? कामावर घेतलेल्या माणसांचेच गुण आपल्याला मिळतात, नाकारलेले दिसत नाहीत, म्हणून पसारा आकसतो आणि सहसंबंध खरा असेल त्यापेक्षा कमी दिसतो. ती भरपाई करायला सहसंबंध वर ओढतात. सॅकेट यांचं म्हणणं, जिथे पसारा फारसा आकसलेलाच नव्हता तिथेही ही दुरुस्ती सरसकट लावली गेली. पेपरात दोन्ही आकडे सालासकट लिही आणि कारण एका ओळीत दे.

समुपदेशनात थोडक्यात: समुपदेशक आणि सल्लार्थी यांच्यातलं नातं आणि उपचाराचं फलित यांचा सहसंबंध २०१८ च्या एकत्रित विश्लेषणात, २९५ अभ्यास मिळून, ०.२८ च्या आसपास आला. अख्खं क्षेत्र ज्या गोष्टीला कणा मानतं तिचा आकडा हा. तेव्हा तुझ्या ०.२४ ला लहान म्हणून हिणवू नकोस. अडचण त्याच्या लहानपणाची नाही, त्याभोवतीच्या रुंद मर्यादांची आहे.

अभ्यासाची रीत म्हणशील तर एका कोऱ्या वहीत डावीकडे ही चार शीर्षकं लिही: मोजमापाची चूक, पायादर, पसारा आकसणं, फरकाचे गुण. प्रत्येक पेपरातला नवा अभ्यास वाचला की यांपैकी काय लागू पडतं ते उजवीकडे एका ओळीत. शीर्षकं वाढतील, पण फार नाही. सामाजिक मानसशास्त्रातले जुने गाजलेले प्रयोग यात घालताना जरा जपून. २०१५ मध्ये १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा मूळचे ९७ टक्के सिग्निफिकंट होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच आले, आणि बोधनिकपेक्षा सामाजिकची अवस्था जास्त वाईट होती.

---

निमशास्त्री

सरांच्या यादीत प्रमाण त्रुटी (एका माणसाचा गुण मोजमापाच्या चुकीने किती हलू शकतो ते) घाला. मृण्मयी, बुद्ध्यांकाचं प्रमाण विचलन १५, विश्वसनीयता ०.९१ असेल तर प्रमाण त्रुटी = १५ × √०.०९ = ४.५. ९५ टक्के मर्यादा सुमारे ± ९. म्हणजे ७२ गुण आलेला मुलगा ६३ ते ८१ मध्ये कुठेही. डीएसएम-५ (मनोविकारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक) मध्ये बौद्धिक अक्षमतेची तीव्रता बुद्ध्यांकावर न ठरवता दैनंदिन जुळवून घेण्याच्या क्षमतेवर ठरवतात. मानसमापन आणि अपसामान्य इथे एकाच उत्तरात येतात.

यात आपल्याकडची भर म्हणजे बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला १९३४ च्या सुमारास मराठी आणि कानडी मुलांसाठी ती बसवली. मानदंड जुने होत जातात तसे गुण फुगतात. अमेरिकी माहितीत दशकाला सुमारे ३ गुण. जुन्या मानदंडांवर काढलेला आकडा मुलाच्या अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर जातो तेव्हा ही फूग कुणाच्या विरुद्ध जाते, हा प्रश्न व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारण्याजोगा आहे. (गुण फुगून सीमेच्या वर गेला की मुलाची सवलत जाते.)

---

मृण्मयी_टीवाय

खूप आभार. जोडीचा टी लावला, चांगलाच सिग्निफिकंट आला. चार प्रश्न उलटवले, अल्फा ०.७९ झाला.

आता दोन शंका. स्ट्रूपचा फरक प्रत्येकाचा काढलेलाच आहे, तर तो ताणाच्या गुणांशी जोडून ‘ताण आणि अवधान’ असा प्रकल्प केला तर दोन्ही एकत्र येतील ना? आणि पीएसएसऐवजी पीएचक्यू-९ घेतली तर विषयाला वजन येईल, असं गटात चाललंय.

---

कावेरी

पहिली कल्पना चांगली दिसते आणि तिथेच फसवते. स्ट्रूपच्या फरकाची विश्वसनीयता श्रावणसरांची ०.५ घे आणि ताणाच्या मापनीची ०.८ धर. दोन्ही मापांतल्या चुकांमुळे दिसणारा सहसंबंध खऱ्याच्या √(०.५ × ०.८), म्हणजे ०.६३ पट होतो. प्रत्यक्षात ०.३ असेल तर दिसेल ०.१९. तो पकडायला दोनशेवर माणसं लागतील, आणि प्रत्येकाला समोर बसवून कार्डं वाचून घ्यायची. २० जणांत तो दिसला तर बहुधा योगायोगाने, आणि म्हणून फुगलेला. करायचंच असेल तर आधी विश्वसनीयता वाढव: प्रत्येकाला चार-चार कार्डं दे, किंवा घटक दुप्पट कर.

पीएचक्यू-९ घेऊ नका. नववा प्रश्न मरून जाण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. निनावी गूगल फॉर्मवर रात्री दीड वाजता कुणी त्यावर ‘जवळपास रोज’ निवडलं तर तुम्हाला तो माणूस शोधता येणार नाही, आणि कळूनही काही न करणं हे नीतीत बसत नाही. निनावी ठेवायचं असेल तर तो प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ आहे. नऊचीच घ्यायची तर फॉर्म निनावी ठेवता येत नाही, उत्तरं रोज बघणारा एक शिक्षक नेमावा लागतो, आणि वरचं उत्तर आलं तर कोणी, किती वेळात, कोणाकडे न्यायचं हे माहिती भरून घ्यायच्या आधी लिहून संमतीपत्रात घालावं लागतं. कुठलीही मापनी घेतलीत तरी फॉर्मच्या शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो मराठीतही चालतो.

पदवीच्या प्रकल्पाला पीएसएस पुरेशी आहे. वजन मापनीच्या नावाने येत नाही, नमुना कसा निवडला त्याने येतं.

---

तिरकी रेघ

कावेरी यांच्या उत्तरात एक दुरुस्ती सुचवतो. त्यातला ०.५ ज्यांतून आला ते ०.९ आणि ०.८ हे आम्ही समजुतीसाठी धरलेले आकडे आहेत. मृण्मयी, फरकाची खरी विश्वसनीयता तू स्वतः काढू शकतेस, आणि व्हायवात ती सांगितलीस तर परीक्षक पुढचे दोन प्रश्न गिळतील.

कार्ड वाचून घेताना २० व्या घटकावर स्टॉपवॉचचं लॅप बटण दाब. पहिल्या आणि दुसऱ्या वीसांचे वेळ वेगळे मिळाले. दोन्ही कार्डांसाठी असं करून प्रत्येक अर्ध्याचा फरक काढ: पहिल्या अर्ध्याचा अडथळा, दुसऱ्या अर्ध्याचा अडथळा. २० जणांवर या दोघांचा सहसंबंध म्हणजे अर्ध्या चाचणीची विश्वसनीयता. मग अर्ध्यावरून पूर्ण चाचणीची विश्वसनीयता काढणारं स्पिअरमन-ब्राउन सूत्र: दुप्पट आर भागिले (१ अधिक आर). अर्ध्याचा ०.६ आला तर पूर्णाचा १.२ ÷ १.६ = ०.७५. सम-विषम घटक वेगळे करणं यापेक्षा बरं, कारण सरावाचा आणि थकव्याचा परिणाम दोन्ही अर्ध्यांत वाटला जातो, पण हाताने धरलेल्या घड्याळावर ते शक्य नाही. संगणकावर एकेक शब्द दाखवत असशील तर सम-विषमच कर.

२० जणांवर काढलेला हा आकडाही लोंबकळताच असणार. म्हणून त्याच्या मर्यादाही लिही.

अहवालात निकालाची ओळ अशी ठेव: ‘विसंगत शब्दांच्या कार्डाला चौकोनांच्या कार्डापेक्षा सरासरी ३.७ सेकंद जास्त लागले, टी (१९) = ...’ आणि तिथे तुझा खरा टी, माझा ४.२० नव्हे. पुढे पी, मग कोहेनचा डी (फरक किती मोठा ते प्रमाण विचलनाच्या पटीत सांगणारा आकडा). डी कुठल्या विचलनाने भागून काढलास ते लिहायला विसरू नकोस. फरकांच्या ३.९४ ने भागलं तर ०.९४ येतो, कार्डांच्या सरासरी ६.२ ने भागलं तर ०.६०, आणि दोन्हींना पुस्तकात डीच म्हणतात. चर्चेत भाषेचा आणि क्रमाचा मुद्दा स्पष्ट लिही. ज्या कार्डावर माहिती गोळा झाली ते इंग्रजीच होतं, ते आता मराठी होणार नाही. पुन्हा घ्यायला वेळ असेल तर दहा नवे प्रयुक्त, मराठी कार्ड, क्रम आलटूनपालटून. जुन्या वीसांत ते मिसळायचे नाहीत.

---

मृण्मयी_टीवाय

मराठी कार्ड आजच करते. जुने वीस आणि नवे दहा वेगळ्या तक्त्यांत ठेवू ना? आणि नव्या दहांना पीएसएस द्यायची की नको?

---

तिरकी रेघ

वेगळे तक्ते. पीएसएस नको.